जुना साउंड कार्डचा कोड नव्या लिनक्सवर बोलता करताना

सीमाभागातल्या एखाद्या पतसंस्थेच्या काउंटरवर चालेल असा एक प्रोग्राम उदाहरणाला धरू. कारकुनाने बटण दाबलं की आधी कन्नडमध्ये, मग मराठीत टोकनचा नंबर पुकारायचा आणि त्याच वेळी लाल आकड्यांच्या डिस्प्लेवर तो दाखवायचा. सी भाषेतल्या हजारेक ओळी, २००३ च्या आसपासच्या रेड हॅट लिनक्सवर लिहिलेल्या, आवाज सरळ ‘/डेव्ह/डीएसपी’ या फाइलीत ओतणाऱ्या. जुनं मशीन बंद पडलं, नवा पीसी आला, त्यावर आजचा डेबियन किंवा उबुंटू चढवला, प्रोग्राम चालवला, तर उत्तर येतं की अशी फाइलच नाही.

ती फाइल का नाही हे आधी समजून घ्या. १९९२ मध्ये हान्नू साव्होलाइनेन यांनी साउंड ब्लास्टरसाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला आणि त्यातून ओपन साउंड सिस्टिम, म्हणजे ओएसएस, उभी राहिली. तिची कल्पना सोपी होती. साउंड कार्ड म्हणजे एक फाइल. उघडा, बाइट ओता, आवाज येतो. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी अल्सा या दुसऱ्या ध्वनिव्यवस्थेचं काम सुरू केलं आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) अल्सा मुख्य झाली. ओएसएसची नक्कल करणारं मॉड्यूल अल्सात आजही आहे, पण उबुंटूने २०१० च्या १०.१० आवृत्तीत ते बंद केलं. अल्साच्या वर अनेक प्रोग्रामांचा आवाज मिसळणारा पल्सऑडिओ आला आणि त्याची जागा आता पाइपवायरने घेतली आहे. फेडोराने हा बदल २०२१ च्या ३४ व्या आवृत्तीत केला, उबुंटूने २०२२ च्या २२.१० मध्ये. जुना कोड कार्डाशी समोरासमोर बोलायचा. आता दोघांच्या मध्ये दोन मजले आहेत.

नावं बदलणं हे एका दुपारचं काम आहे. खरी गोम वेळेत आहे. जुन्या कोडमधला ‘राइट’ कार्डाला जागा होईपर्यंत अडून राहायचा आणि कोड त्यावरून धरून चालायचा की आवाज इथपर्यंत आला. कार्ड हेच त्याचं घड्याळ होतं. मजले वाढले की घड्याळ पुढे धावतं. पुढच्या बहुतेक अडचणी याच्याशी किंवा बाइट-फ्रेमच्या हिशोबाशी (तो पुढे समजावला आहे) येऊन थांबतात.

एक सूचना. आज्ञा, फाइली आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती रोमन लहान अक्षरांत टाइप करायची. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी आवाज वाचवा

कोड पुन्हा लिहिता येतो, पण आकडे ज्यांच्या आवाजात भरले ती माणसं आज सापडतीलच असं नाही. मराठीत तर एक ते शंभर प्रत्येक आकडा वेगळा भरावा लागतो, कारण ‘सत्तेचाळीस’चे तुकडे पाडून जोडता येत नाहीत. कन्नडमध्ये ‘नलवत्तु’ आणि ‘एळु’ जोडून काम भागतं, ‘नलवत्तेळु’ हा संधी तेवढा हरवतो. म्हणजे मराठीच्या शंभर क्लिपा गेल्या तर शंभर पुन्हा भरायच्या.

म्हणून जुनं मशीन ‘एकदा चालू करून बघू’ म्हणत सुरू करू नका. हार्ड डिस्क काढा, आयडीई-यूएसबी अडॅप्टरने नव्या पीसीला जोडा आणि ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या. पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करा.

क्लिपा कोणत्या स्वरूपात आहेत हे ‘फाइल’ या आज्ञेने बघा. ‘रिफ’ आणि ‘वेव्ह’ असं दिसलं तर वेव्ह फाइल आहे, माहिती तिच्या डोक्यावरच लिहिलेली असते. नुसतं ‘डेटा’ आलं तर कच्चे सॅम्पल (आवाजाच्या एकेक मोजण्या) आहेत आणि स्वरूप तुम्हाला ओळखायचं आहे. आकारावरून अंदाज येतो. ८ बिट, मोनो, सेकंदाला ८००० सॅम्पल असतील तर एका सेकंदाला ८००० बाइट लागतात. ‘सत्तेचाळीस’ म्हणायला सेकंदभर पुरतो, म्हणून त्या क्लिपची फाइल ८ ते १० हजार बाइटची असेल तर हाच अंदाज धरा. मग वाजवून खात्री करा: ‘एप्ले -टी रॉ -एफ यू८ -आर ८००० -सी १’ आणि पुढे फाइलचं नाव. यातलं ‘यू’ मोठं अक्षर आहे, बाकी सगळी लहान. आवाज नीट आला तर एका फटक्यात दोन गोष्टी कळल्या: स्वरूप हेच आहे आणि नव्या पीसीचं साउंड कार्ड ठीक आहे. काहीच ऐकू आलं नाही तर ‘अल्सामिक्सर’ उघडा, ‘एफ६’ने कार्ड निवडा आणि पट्टीखाली ‘एमएम’ दिसत असेल तर ‘एम’ दाबून तोंड उघडा. नव्या इन्स्टॉलवर कार्ड मुकं असणं नेहमीचं आहे, त्यासाठी कोडला दोष देऊ नका.

कोड काय मागतो

सोर्स हाताशी असेल तर ‘ग्रेप’ने त्यात ‘डीएसपी’, ‘मिक्सर’ आणि मोठ्या अक्षरांतलं ‘एसएनडीसीटीएल’ शोधा. सापडलेल्या ओळी एका कागदावर उतरवून घ्या. कोणतं उपकरण उघडतो, स्वरूप कोणतं, चॅनेल किती, वेग (सेकंदाला सॅम्पल) किती, फ्रॅगमेंट (आवाज कार्डाला द्यायचे तुकडे) ठरवतो का, आणि शेवटी ‘सिंक’ करतो का, म्हणजे सगळं वाजेपर्यंत थांबतो का, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

यातली रिकामी जागा सर्वांत महत्त्वाची. कोडने स्वरूप, चॅनेल किंवा वेग यांपैकी काही सांगितलंच नसेल, तर तो ओएसएसच्या ठरलेल्या मूल्यांवर चालत होता. ‘/डेव्ह/डीएसपी’ न सांगता ८ बिट अनसाइन्ड, मोनो, ८००० हर्ट्झ धरायचा. ‘/डेव्ह/ऑडिओ’ म्यू-लॉ हे ८ बिटमध्ये दाबलेलं स्वरूप धरायचा. नव्या घरात ही मूल्यं कोणी गृहीत धरत नाही, ती आपण स्पष्ट लिहायची.

सोर्स नसेल, फक्त बायनरी म्हणजे बांधून तयार झालेली फाइल असेल, तर ‘स्ट्रिंग्ज’ने आतली उपकरणांची नावं दिसतात आणि ‘एसट्रेस’ खाली चालवून ‘ओपनअॅट’, ‘आयऑक्टल’ (उपकरणाला सूचना देणारी हाक) आणि ‘राइट’ पाहिलं की तो काय मागतो ते ओळीओळीने समोर येतं. त्याच बायनरीवर ‘फाइल’ चालवा. ३२ बिट आहे का, आणि ‘स्टॅटिकली लिंक्ड’ (सगळ्या लायब्ररी आतच भरलेली) आहे का, या दोन गोष्टींवर पुढचा मार्ग ठरतो.

कोडला हात न लावता

पहिला प्रयत्न ‘पॅडएसपी’चा. डेबियन-उबुंटूत तो ‘पल्सऑडिओ-युटिल्स’ या पॅकेजात येतो आणि त्याला ‘लिबपल्सडीएसपी’ लागतं. पाइपवायर असलेल्या मशीनवरही चालतो, कारण पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतो. प्रोग्रामच्या नावाआधी ‘पॅडएसपी’ लिहून चालवा, बस. तो ‘एलडी_प्रीलोड’च्या (प्रोग्रामात आधी आपली लायब्ररी शिरवण्याच्या सोयीच्या) साहाय्याने प्रोग्रामचा ‘ओपन’ मध्येच अडवतो आणि ‘/डेव्ह/डीएसपी’ मागितलं की आवाज पल्सकडे वळवतो. पाइपवायर किंवा पल्सऑडिओ नसलेल्या मशीनवर ‘अल्सा-ओएसएस’ पॅकेजातला ‘एओएसएस’ हेच काम अल्सासाठी करतो.

काम होत नसेल तर कारण बहुधा या चारांत सापडेल. बायनरी ३२ बिट असेल तर ६४ बिट लायब्ररी तिच्यात शिरत नाही आणि ‘राँग एल्फ क्लास’ अशी तक्रार येते; ‘डीपीकेजी’ला ‘आय३८६’ जोडून ३२ बिटची ‘लिबपल्सडीएसपी’ टाका. बायनरी स्टॅटिक असेल तर प्रीलोड तिला लागूच होत नाही. प्रोग्रामवर सेटयूआयडी बिट (मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालवणारी खूण) लावलेला असेल, आणि जुन्या काळी पोर्टला हात घालण्यासाठी तो सर्रास लावत, तर सुरक्षेसाठी प्रीलोड दुर्लक्षित होतं, बिट काढा. आणि कोड कार्डाची मेमरी ‘एममॅप’ करून तिच्यात थेट लिहीत असेल तर पॅडएसपी हात टेकतो. हे शेवटचं गेममध्ये जास्त दिसतं, टोकनच्या प्रोग्रामात क्वचित.

दुसरा मार्ग कर्नेलच्या नकलेचा. ‘सुडो मॉडप्रोब एसएनडी-पीसीएम-ओएसएस’ चालवा. चूक न येता परत आलं तर ‘/डेव्ह/डीएसपी’ हजर होईल, आणि इथे स्टॅटिक बायनरीसुद्धा चालते. ‘मॉड्यूल सापडलं नाही’ आलं तर तुमचा कर्नेल त्याशिवाय बांधलेला आहे. ‘/बूट’मधल्या ‘कॉन्फिग’ फाइलीत मोठ्या अक्षरांतलं ‘एसएनडी_पीसीएम_ओएसएस’ शोधून खात्री करता येते. अशा मशीनसाठी ‘ओएसएसपीडी’ हे पॅकेज आहे, ते वापरकर्त्याच्या बाजूने ‘/डेव्ह/डीएसपी’ उभं करतं.

कर्नेलची नक्कल कार्ड एकटीसाठी अडवते. मिसळण्याची सोय तिच्यात नाही. पाइपवायरने कार्ड धरलं असेल तर प्रोग्रामला ‘डिव्हाइस बिझी’ मिळेल. उलट प्रोग्रामने आधी धरलं तर ब्राउझर मुका होईल. कोणी धरलंय ते ‘फ्युझर -व्ही /डेव्ह/एसएनडी/* /डेव्ह/डीएसपी’ सांगतो. दुसरी अडचण म्हणजे ‘/डेव्ह/डीएसपी’ पहिल्या कार्डाला जोडलं जातं, आणि आजच्या पीसीत पहिलं कार्ड पुष्कळदा मॉनिटरचं एचडीएमआय असतं. आवाज बरोबर जातो, पण स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे. कार्डांचा क्रम ‘एप्ले -एल’ने (लहान एल) बघा.

ज्या प्रोग्रामचा सोर्स नाही त्याच्यासाठी हे दोन मार्ग उत्तम आहेत. सोर्स असेल तर इथे थांबू नका. रोज शंभर माणसं ज्या आवाजाकडे कान लावून बसतात तो चार ठिगळांवर चालवणं बरं नव्हे.

कम्पाइल करताना

जुना कोड आजच्या जीसीसी या कम्पायलरखाली पहिल्या दमात बांधला जात नाही. जीसीसी १४, जो २०२४ मध्ये आला, न सांगितलेल्या फंक्शनाला आता इशारा देऊन सोडत नाही, सरळ चूक म्हणतो. ‘सिस/आयऑक्टल’, ‘युनिस्टड’, ‘एफसीएनटीएल’ आणि ‘स्ट्रिंग’ या हेडर फाइली वर जोडल्या की बहुतेक तक्रारी मिटतात. घाई असेल तर ‘-एसटीडी=जीएनयू८९’ देऊन बांधता येतं, पण हेडर जोडणंच चांगलं, कारण मग कम्पायलर खऱ्या चुका दाखवू लागतो.

बांधलं गेलं तरी दोन सापळे उरतात. पहिला ‘लाँग’चा. ३२ बिट लिनक्सवर ‘लाँग’ ४ बाइटचा होता, ६४ बिटवर तो ८ बाइटचा आहे. वेव्ह फाइलचं ४४ बाइटचं डोकं वाचायला कोणी ‘लाँग’ असलेलं स्ट्रक्चर लिहिलं असेल तर त्याचे रकाने आता फाइलशी जुळत नाहीत आणि वेग म्हणून भलताच आकडा वाचला जातो. अशा प्रत्येक जागी ‘लाँग’ काढून ‘यूइंट३२_टी’ लिहा, दोन बाइटच्या जागी ‘यूइंट१६_टी’.

दुसरा सापळा पीसीऐवजी रास्पबेरी पाय हा एआरएम चिपचा छोटा संगणक वापरणाऱ्यांसाठी. इंटेलवर साधा ‘कॅर’ साइन्ड असतो, एआरएमवर लिनक्समध्ये तो अनसाइन्ड असतो. आवाज कमी-जास्त करताना सॅम्पल ‘कॅर’मध्ये घेऊन गुणणारा कोड इंटेलवर ठीक चालतो आणि पायवर भसाभसा फाटतो. ‘-एफसाइन्ड-कॅर’ देऊन बांधा, किंवा त्याहून बरं म्हणजे टाइप नीट लिहा. शिवाय पाय ५ वर ३.५ मिमीचं जॅक नाही, यूएसबी साउंड कार्ड वेगळं घ्यावं लागतं हे खरेदीच्या वेळीच लक्षात ठेवा.

अल्सात नेताना

‘लिबअसाउंड२-डेव्ह’ पॅकेज टाका, कोडमध्ये ‘अल्सा/असाउंडलिब’ हेडर जोडा आणि लिंक करताना ‘-एलअसाउंड’ द्या. साध्या प्रोग्रामाला पाचसहा फंक्शनं पुरतात.

‘ओपन’च्या जागी ‘एसएनडी_पीसीएम_ओपन’ येतं आणि उपकरणाचं नाव ‘डीफॉल्ट’. स्वरूप, चॅनेल आणि वेग सांगणारे तीन ‘आयऑक्टल’ जाऊन एकच ‘एसएनडी_पीसीएम_सेट_पॅराम्स’ येतं. त्यात स्वरूप, मोठ्या अक्षरांतलं ‘आरडब्ल्यू_इंटरलीव्ह्ड’, चॅनेल १, वेग ८०००, रूपांतर चालेल का याला १, आणि शेवटी विलंब मायक्रोसेकंदात. उदाहरणांत तिथे ५००००० म्हणजे अर्धा सेकंद लिहिलेला असतो; टोकनसाठी १००००० ठेवा. ‘राइट’च्या जागी ‘एसएनडी_पीसीएम_रायटआय’ येतं.

इथे थांबून हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त वेळ हीच एक चूक खाते. ‘राइट’ बाइट मोजायचा, ‘रायटआय’ फ्रेम मोजतो. एक फ्रेम म्हणजे सर्व चॅनेलांचं एकेक सॅम्पल. १६ बिट स्टिरिओत फ्रेम ४ बाइटची असते, म्हणून जुन्या कोडमधला ४०९६ आकडा इथे १०२४ व्हायला हवा. तसाच ४०९६ ठेवला तर ‘रायटआय’ १६३८४ बाइट वाचायला जाईल, म्हणजे तुमच्या बफरच्या, आवाज भरून ठेवलेल्या जागेच्या, पलीकडचे १२२८८ बाइट. कधी कचरा वाजेल, कधी प्रोग्राम कोसळेल. टोकनच्या प्रोग्रामात ही चूक लपून बसते, कारण ८ बिट मोनोत एक फ्रेम म्हणजे एकच बाइट, आकडा जुळतो आणि सगळं सुरळीत वाजतं. वर्षभराने कोणी आवाज सुधारायचा म्हणून १६ बिटच्या क्लिपा टाकतो आणि त्या दिवशी प्रोग्राम मरतो. म्हणून आत्ताच ‘एसएनडी_पीसीएम_बाइट्स_टू_फ्रेम्स’मधून आकडा काढा, हाताने भागू नका.

पुढचा फरक क्लिप संपण्याचा. ओएसएसमध्ये फाइल बंद केली की उरलेला आवाज वाजून मगच ती बंद व्हायची. अल्सात ‘एसएनडी_पीसीएम_क्लोज’ उरलेलं टाकून देतं. ‘टोकन क्रमांक सत्तेचाळी’ एवढंच ऐकू येतं आणि ‘स’ कुठेतरी बफरमध्ये मरतो. बंद करण्याआधी ‘एसएनडी_पीसीएम_ड्रेन’ लावा. बफरपेक्षा छोट्या क्लिपला तर ड्रेनशिवाय सुरुवातच होत नाही, कारण ‘सेट_पॅराम्स’ बफर भरेपर्यंत वाजवणं सुरू करत नाही. ‘एक’, ‘दोन’ मुके आणि ‘सत्तेचाळीस’ बोलतो असं झालं तर हेच कारण.

ड्रेन केल्यावर आवाजाची धारा थांबलेली असते. तिच्यात पुन्हा लिहिण्याआधी ‘एसएनडी_पीसीएम_प्रिपेअर’ हवं, नाहीतर -७७ ही चूक मिळते. ड्रेन न करता धारा उघडी ठेवली तर दोन टोकनांच्या मधल्या शांततेत बफर रिकामा होतो आणि पुढचं लिहिणं -३२ परत देतं. पहिलं टोकन पुकारलं जातं आणि दुसऱ्याला प्रोग्राम गप्प, ही त्याची खूण. -३२ साठी ‘एसएनडी_पीसीएम_रिकव्हर’ आहे. -७७ ला ते सांभाळत नाही. जुन्या कोडने ‘राइट’चं परत आलेलं मूल्य बघितलंच नसेल तर तो या चुका गिळून पुढे जातो, म्हणून मूल्य तपासा, आणि सांगितल्यापेक्षा कमी फ्रेम लिहिल्या गेल्या तर उरलेल्या पुन्हा द्या.

आता घड्याळ. लाल डिस्प्लेवर आकडा आधी येतो आणि आवाज मागून, अशी तक्रार आली तर कोड ‘राइट’ परत आला म्हणजे वाजलं असं समजून डिस्प्ले बदलतोय. ‘एसएनडी_पीसीएम_डिले’ विचारा, ते अजून किती फ्रेम वाजायच्या आहेत ते सांगतं. त्या आकड्याला वेगाने भागलं की सेकंद मिळतात. ८००० हर्ट्झवर ८०० फ्रेम उरल्या असतील तर डिस्प्लेने सेकंदाचा दहावा भाग थांबायचं. जुन्या कोडमधलं ‘गेटओपीटीआर’ किंवा ‘गेटओडिले’ याच कामाचं होतं. फ्रॅगमेंटचा आकडा असेल तर त्याचा वरचा अर्धा तुकड्यांची संख्या आणि खालचा अर्धा दोनाचा घात असतो. वर ४ आणि खाली १० असेल तर १०२४ बाइटचे ४ तुकडे. तेवढ्याच वेळाचं बफर अल्साला सांगा.

जोडणीत आणखी एक सुधारणा करण्यासारखी आहे. पुष्कळ जुने प्रोग्राम प्रत्येक क्लिपसाठी उपकरण उघडतात आणि बंद करतात. नव्या रचनेत त्याने शब्दांमध्ये भोकं पडतात. ‘टोकन’, ‘क्रमांक’ आणि आकडा या क्लिपा आधी एकाच बफरमध्ये जोडा आणि सलग वाजवा. मध्ये शांतता भरायची असेल तर ८ बिट अनसाइन्डमध्ये शांतता म्हणजे १२८ आहे, ० नव्हे. शून्य भरलं तर प्रत्येक जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो.

कानाने ओळखायचे दोष

आवाज बालवाडीतल्या पोरासारखा किरकिरा आणि पाचपट घाईत येत असेल तर वेग चुकला आहे. स्वस्त यूएसबी साउंड कार्डं सहसा ४४१०० आणि ४८००० एवढेच वेग जाणतात. कोडने ८००० मागितलं, कार्डाने ४४१०० दिलं, कोडने परत आलेलं मूल्य बघितलं नाही. कार्डाशी थेट बोलणाऱ्या ‘एचडब्ल्यू’ऐवजी ‘प्लगएचडब्ल्यू’ किंवा ‘डीफॉल्ट’ वापरा, ते मध्ये रूपांतर करतात. बरोबर दुप्पट वेग असेल तर मोनो क्लिप स्टिरिओ म्हणून वाजते आहे. बोलणं कळतंय पण आवाज फाटका आणि खरखरीत, तर साइन्ड-अनसाइन्डची गल्लत. नुसती पावसासारखी सर ऐकू येत असेल आणि शब्दच नाहीत, तर १६ बिटचे दोन बाइट उलटे लागले आहेत.

पहिलंच अक्षर जात असेल, ‘टोकन’चं ‘कन’ होत असेल, तर कोड निर्दोष आहे. कार्ड झोपलेलं असतं आणि उठेपर्यंत ‘टो’ निघून जातो. पीसीच्या आतल्या कार्डासाठी ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ मॉड्यूलला ‘पॉवर_सेव्ह=०’ द्या. पाइपवायरही ५ सेकंद रिकामे गेले की कार्ड सोडतो. दोन्हींवर साधा उपाय म्हणजे प्रत्येक पुकाऱ्याआधी ३०० ते ५०० मिलिसेकंद शांतता वाजवणं. तेवढ्या वेळात लोकांची मानही वर होते.

सतत ‘घूं’ येत असेल तर ती ५० हर्ट्झची गुणगुण पीसी आणि अॅम्प्लिफायर यांच्या वेगवेगळ्या अर्थिंगमुळे येते. दोघांना एकाच बोर्डवरून करंट द्या, नाहीतर मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. आणि वायर अॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये घाला, माइकच्या भोकात नको.

लाईट गेल्या-आल्यानंतर

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते आणि प्रत्येक वेळी मशीन नव्याने उठतं. काउंटरवर त्या वेळी लॉगिन करायला कोणी नसतं. टेबलावर नीट चालणारा प्रोग्राम इथे गप्प बसतो, कारण पाइपवायर लॉगिन केलेल्या वापरकर्त्याबरोबर सुरू होतो आणि सिस्टिमडीतून (मशीन उठताना सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्राममधून) रूट म्हणून उठलेल्या प्रोग्रामला तो दिसतच नाही.

फक्त टोकनसाठी ठेवलेल्या मशीनवर ना डेस्कटॉप बसवा, ना पाइपवायर. नुसत्या अल्सावर ‘डीफॉल्ट’ उपकरण मिसळण्याचं कामही करतं. वेगळा वापरकर्ता करा, त्याला ‘ऑडिओ’ गटात घाला, सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलीत त्याच्या नावाने प्रोग्राम सुरू करा आणि ‘आफ्टर=साउंड.टार्गेट’ (‘आफ्टर’चं पहिलं अक्षर मोठं) लिहा. आवाजाची पातळी ठरवली की ‘अल्साकंट्रोल’ या अर्थाची ‘अल्साक्टल स्टोअर’ ही आज्ञा एकदा द्या, म्हणजे ती लाईट गेल्यावरही राहील. जुना कोड ‘/डेव्ह/मिक्सर’मधून पातळी ठरवत असेल तर तो भाग काढून टाका, त्याची आता गरज नाही.

यूएसबी कार्ड असेल तर ते क्रमांकाने कधीही बोलावू नका. आज १ असलेलं कार्ड उद्याच्या बूटला ० होऊ शकतं. ‘एप्ले -एल’, या वेळी मोठा एल, सगळी नावं दाखवतो; तिथून ‘प्लगएचडब्ल्यू:कार्ड=’ पुढचं नाव जसंच्या तसं उचला.

आवाज ऐकणारा कोड

बेळगावच्या उद्यमबागेसारख्या फाउंड्रीच्या वस्तीत साउंड कार्डाचा दुसरा उपयोग होऊ शकतो तो कास्टिंग (ओतीव भाग) ठोकून त्याचा नाद मोजण्याचा. एसजी आयर्न या ओतीव लोखंडातलं ग्राफाइट नीट गोळे धरून बसलं नसेल तर त्याच आकाराच्या कास्टिंगचा नाद खाली उतरतो. असा कोड नव्या मशीनवर नेताना वरचं सगळं लागू आहे, पण इथे चूक ऐकू येत नाही, ती आकड्यात लपते.

कोडमध्ये ४४१०० पक्का लिहिलेला आहे आणि नवं कार्ड ‘रेट_निअर’मधून (मागितलेल्याच्या जवळचा वेग ठरवणाऱ्या फंक्शनातून) ४८००० देतं असं समजा. मग ५००० हर्ट्झचा नाद ४५९४ दिसेल आणि चांगलं कास्टिंग भंगारात जाईल. परत आलेला वेग वाचा आणि एफएफटीचा (आवाजातून नादाचे हर्ट्झ काढणाऱ्या गणिताचा) हिशोब त्याच्यावरच करा. यूएसबी कार्डाच्या ‘अल्सामिक्सर’मध्ये ‘ऑटो गेन कंट्रोल’ असेल तर ते बंद करा, नाहीतर ठोक्यानंतर विरत जाणारा नाद ते स्वतःहून फुगवतं आणि विरण्याचा वेळ मोजणारा कोड फसतो. ‘माइक बूस्ट’ शून्यावर ठेवा. मग ज्याचा आकडा जुन्या मशीनवर नोंदलेला आहे असं एक कास्टिंग घ्या, दहा वेळा ठोका आणि दोन्ही मशीनचे आकडे शेजारी लिहा. ते जुळल्याशिवाय जुना पीसी लाइनवरून हलवू नका.